बारा कोसांवर पत्ता बदलतो

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. बेळगावच्या माणसाला तर बारा कोस जाण्याचीही गरज नाही, रस्ता ओलांडला तरी पुरते. आपल्याकडची गल्ली धारवाडकडे ओणी होते आणि बडोद्यात आले की तिचीच पोळ होते. त्यामुळे मी बडोद्यात राहायला आले तेव्हा येथील मराठी घरांत भाजीला 'शाक' म्हणतात याचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीतही अशाच पोळी, गल्ल्या आणि ओण्या आहेत, आणि तेथे पत्ता चुकला तर पुस्तकांची नावेच्या नावे हरवू शकतात. हे मला एका छोट्या वाचनालयात कळले.

प्रणालीचे नाव लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. गाभा म्हणजे यंत्र आणि आज्ञावली यांच्यामधला कारभारी. परंतु नुसत्या कारभाऱ्याने घर चालत नाही. भांडी कोठे ठेवायची, किल्ली कोणत्या खुंटीला अडकवायची, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवले. त्यातून कुळे निर्माण झाली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनचे एक कूळ. उबुंटू आणि आपल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स हे त्याच वंशातले. दुसरे रेड हॅटचे. सेंटओएस, अल्मालिनक्स, रॉकी हे त्याचे वंशज. फोल्डरांची रचना सर्वत्र सारखी असावी म्हणून १९९३ पासून एक प्रमाण लिहिण्याचा प्रयत्न चालू आहे. त्याने पुष्कळ साधले. तरी प्रत्येक घराच्या काही जुन्या सवयी राहिल्याच.

आता वाचनालयाकडे येते. बडोदे हे ग्रंथालयांचे गाव. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच प्रयत्नातून उभे राहिले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. या चळवळीचे 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून निघत असे. त्या मोठ्या वृक्षाच्या सावलीत लहान लहान रोपेही वाढली. मी ज्या वाचनालयात जाते ते असेच एक. मराठी मंडळींनी चालवलेले, दोन खोल्यांचे, संध्याकाळी उघडणारे. त्याचे काम पाहणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळे 'काका' म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

येथील काही हजार पुस्तकांची यादी फार पूर्वी कोणा हौशी विद्यार्थ्याने संगणकावर घातली होती. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि शेवटी 'कोणाच्या स्मरणार्थ' हा एक रकाना. बरीचशी पुस्तके कोणी ना कोणी आई-वडिलांच्या आठवणीसाठी दिलेली असल्यामुळे काकांच्या लेखी हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होता. हे सगळे सेंटओएस ७ असलेल्या एका जुन्या यंत्रावर चालत असे. त्या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२४ रोजी कायमची थांबली. यंत्रही धापा टाकू लागले होते. दोन सभासदांनी आपली वापरातली दोन यंत्रे देऊ केली. एकावर डेबियन १२ होते, दुसऱ्यावर अल्मालिनक्स ९. ठरले असे की यादीचा डेटाबेस डेबियनवर ठेवायचा आणि पुस्तके देण्याघेण्याची आज्ञावली टेबलावरच्या अल्मावर चालवायची. म्हणजे एका कुळातून सामान निघाले, आणि निम्मे परक्या कुळात तर निम्मे भाऊबंदांत उतरले.

डेटाबेस होता मारियाडीबी. याच्या नावाचीही एक कथा आहे. मायएसक्यूएल हा प्रसिद्ध डेटाबेस मोंटी विडेनियस यांनी आपल्या थोरल्या मुलीच्या, 'माय'च्या नावाने काढला. पुढे तो ऑरॅकल कंपनीकडे जाणार असे दिसताच २००९ मध्ये त्याची वेगळी शाखा काढून तिला धाकट्या मुलीचे, 'मारिया'चे नाव दिले. दोघी बहिणी बऱ्याच सारख्या वागतात, म्हणून गोंधळ वाढतो. रेड हॅटने २०१४ मध्ये आणि डेबियनने २०१७ मध्ये धाकटीला घरात घेतले. उबुंटूने मात्र थोरलीलाही आपल्या मुख्य भांडारात ठेवले. तेव्हा कोणी "मायएसक्यूएल बंद पडला" म्हणाले, की आधी विचारावे, "कोणत्या घरातला, आणि कोणती बहीण?"

पहिला अडथळा डेबियनवर आला. रोज रात्री यादीची प्रत काढून ठेवणारी एक छोटी आज्ञावली जुन्या यंत्रावर होती. ती येथे आणून चालवली, तर उत्तर आले की सर्व्हरशी जोडता येत नाही, आणि ओळीच्या शेवटी कंसात आकडा होता २. काका म्हणाले, "अगं, सर्व्हरच बंद असेल." सर्व्हर चालू होता. त्याचे असे आहे की एकाच यंत्रातल्या दोन आज्ञावल्यांना बोलायचे असेल तर त्या रस्त्यावर जात नाहीत, घरातल्या घरात एका खिडकीतून बोलतात. या खिडकीला सॉकेट म्हणतात आणि ती फाइलसारखी दिसते. रेड हॅटच्या घरी ती डेटाबेसच्या कोठारातच असते. डेबियनच्या घरी 'रन' नावाच्या फोल्डरात. आज्ञावलीत जुन्या खिडकीचा पत्ता लिहिलेला होता. २ या आकड्याचा अर्थ एवढाच की 'अशी फाइल येथे नाही'. पत्ता बदलला आणि काम झाले.

येथेच एक मौजेची गोष्ट लक्षात आली. पत्ते कुळाकुळाने बदलतात, पण कंसातला आकडा बदलत नाही, कारण तो गाभ्याचा आहे आणि गाभा सर्वांचा एकच. २ म्हणजे पत्त्यावर काहीच नाही. १११ म्हणजे घर सापडले, पण त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. ११० म्हणजे हाक मारून थकलो, उत्तर नाही. बहुधा वाटेत कोणीतरी मुकाट्याने अडवत आहे. ११३ म्हणजे तेथवर जायला वाट नाही. १३ म्हणजे वाट आहे, दार आहे, पण परवानगी नाही. वैद्याने नाडी पाहावी तसे आधी हे आकडे पाहावेत. पुष्कळ जण आकडा न वाचताच पासवर्ड बदलून पाहतात, यंत्र बंद-चालू करतात, कोठेतरी वाचलेल्या दहा आज्ञा एकामागून एक देतात. त्यातल्या एकीने काम झाले तरी कोणत्या ते कळत नाही, आणि बाकीच्या नऊंनी काय बिघडवले तेही कळत नाही.

पुढचा प्रश्न दुसऱ्या यंत्रावरून बोलण्याचा. अल्मावरच्या काळ्या पडद्यावरून मी डेबियनला हाक मारली. उत्तर आले १११. कारण डेबियनमध्ये मारियाडीबी मुळातच सावध असतो. तो फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्या घरातल्यांचेच ऐकतो. रेड हॅटच्या कुळात तो बाहेरच्यांसाठीही कान उघडे ठेवून बसतो. म्हणून जुन्या यंत्राच्या अनुभवावरून हे ध्यानात येण्यासारखे नव्हते. शिवाय जी ओळ बदलायची ती रेड हॅटकडे एका फाइलीत आणि डेबियनकडे दुसऱ्याच फोल्डरातल्या दुसऱ्याच फाइलीत. ती शोधून सर्व्हरला वाचनालयाच्या आतल्या जाळ्याचा पत्ता दिला. साऱ्या जगाला दार उघडण्याचे कारण नव्हते.

मग आला ११३०. हा आकडा पाहून मला बरे वाटले. हजाराच्या पुढचा हा आकडा गाभ्याचा नव्हे, खुद्द डेटाबेसचा. म्हणजे आपण दारापर्यंत पोहोचलो, कोणी दार उघडून पाहिले, आणि 'तुमच्या गावाहून येणाऱ्यांना येथे प्रवेश नाही' असे सांगितले. या डेटाबेसात नुसत्या नावाला अर्थ नसतो. नाव आणि गाव मिळून एक ओळख होते. घरातून येणारा 'वाचनालय' आणि टेबलावरच्या यंत्रावरून येणारा 'वाचनालय' ही त्याच्या दृष्टीने दोन माणसे. दुसऱ्याच्या नावाने खाते काढले, त्याला लागतील तेवढेच अधिकार दिले, आणि काळ्या पडद्यावरून यादी उघडली.

तरीही आज्ञावली चालेना! तीच व्यक्ती, तोच पासवर्ड, तेच यंत्र. मी बोलले तर उत्तर मिळते, आज्ञावली बोलली तर 'परवानगी नाही', म्हणजे तोच १३. हा पहारेकरी अल्माच्या घरचा होता. एसई-लिनक्स हे त्याचे नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत याचा जन्म झाला. रेड हॅटच्या कुळात तो पहिल्यापासून दारावर उभा असतो. वेबसर्व्हरने आपले काम सोडून दुसऱ्या यंत्रावरच्या डेटाबेसशी बोलू नये असा त्याचा नियम. नियम योग्यच आहे. परकी व्यक्ती वेबसर्व्हरमध्ये शिरली तरी तिला पुढे जाता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. अशा वेळी 'पहारेकऱ्यालाच घरी पाठवा' हा सल्ला सर्वांत लवकर मिळतो. त्याची जरुरी नसते. वेबसर्व्हरला डेटाबेसशी बोलू द्यावे अशी एकच खुंटी त्याच्यापाशी आहे. तेवढी फिरवली आणि ती पुढेही तशीच राहील अशी व्यवस्था केली.

पडद्यावर यादी आली. काका खुर्ची ओढून पुढे सरकले आणि गप्प झाले. यादी होती, पण मराठी नव्हती. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन तीन परकी चिन्हे, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या डोक्यावर टिंबे. "गेलं का गं सगळं?" त्यांनी विचारले. जोडणी तर झाली होती. कोणताही आकडा येत नव्हता, कोणतीही तक्रार नव्हती. आणि तरीही हेच सर्वांत मोठे संकट होते.

संगणक अक्षरे ठेवत नाही, आकडे ठेवतो. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह लिहायला तीन आकडे लागतात. कन्नड चिन्हालाही तीनच लागतात. येथे दोघांचे भांडण नाही! जुन्या 'लॅटिन-१' पद्धतीत मात्र एका अक्षराला एकच आकडा, आणि एकूण जागा २५६. तेथे ना मराठीला जागा, ना कन्नडला. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. म्हणून त्याची मूळ सवय लॅटिन-१ लिपी आणि स्वीडिश वर्णक्रम ही होती. ती सवय जुन्या मारियाडीबीतही उतरली आणि सेंटओएसने ती तशीच ठेवली. डेबियनने मात्र आपल्या घरात यूटीएफ-८ ची पूर्ण आवृत्ती आधीच लावून ठेवली होती.

आता काय झाले ते पाहा. जुन्या यंत्रावर आज्ञावली 'म' लिहिताना तीन आकडे पाठवी. जोडणी करताना लिपी कोणती हे ती सांगत नसे. मग सर्व्हर आपली लॅटिन-१ धरून चाले आणि ही तीन परकी अक्षरे आहेत असे समजून ठेवून देई. वाचताना तेच तीन आकडे परत येत आणि पडद्यावर त्यांचा पुन्हा 'म' होई. दोन्हीकडची समजूत चुकीची, पण दोन्ही चुका एकमेकींना झाकत. म्हणून इतकी वर्षे कोणाला काही कळले नाही. नव्या सर्व्हरने ही झाकपाक केली नाही. त्याने जे साठवले होते ते जसेच्या तसे दाखवले.

बडोद्याजवळ डभोई आहे. तेथे १८६२ मध्ये मियागामपर्यंत अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि ती प्रथम बैल ओढत. जेथे अरुंद रूळ संपून रुंद रूळ सुरू होतात तेथे माल उतरवून पुन्हा भरावा लागतो, आणि माल फुटतो तो तेथेच. लिपीचेही तसेच. यंत्र बदलताना यादी जेथे एका पद्धतीतून दुसरीत उतरते तेथे उभे राहून पाहिले पाहिजे. मी जुन्या यंत्रावरून यादीची प्रत पुन्हा काढली. या वेळी लॅटिन-१ असेच सांगून, म्हणजे आकड्यांना कोणी हात लावू नये. मग त्या प्रतीतले लिपीचे नाव तेवढे बदलले आणि ती डेबियनवर भरली. आज्ञावलीतही एक ओळ घातली की जोडणी होताच लिपीचे नाव स्वतःहून सांगावे, सर्व्हरच्या सवयीवर विसंबू नये. मराठी परत आली. काकांनी चष्मा पुसला.

पण सगळी परत आली नाही. काही लांब नावांची शेपटे गेली होती. शंभर अक्षरांच्या रकान्यात, एकेक चिन्ह तीन जागा खात असल्यामुळे, तेहतीसच चिन्हे मावत. आणि काही नोंदींत नुसती प्रश्नचिन्हे होती. पूर्वी कोणीतरी दुसऱ्या साधनाने त्या नोंदी दुरुस्त केल्या असाव्यात. त्या साधनाने लिपी बरोबर सांगितली. लॅटिन-१ च्या रकान्यात मराठीला जागा नसल्यामुळे सर्व्हरने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले, आणि तेच कायम झाले. परक्या चिन्हांतून मराठी परत मिळते. प्रश्नचिन्हांतून काहीही परत मिळत नाही. मूळ आकडेच तेथे नसतात. त्या नोंदींतल्या 'कोणाच्या स्मरणार्थ' या रकान्यात कोणाच्या तरी आईचे, कोणाच्या तरी वडिलांचे नाव होते.

ते मिळाले कागदावर. दाखल पुस्तकांचे जुने रजिस्टर काकांनी कपाटात जपून ठेवले होते. चार संध्याकाळी ते वाचत गेले आणि मी टंकत गेले. एखाद्या नावाशी ते थांबत आणि म्हणत, "हे आमच्या शेजारचे बरं का. पावसात भिजत पुस्तकांचं गाठोडं घेऊन आले होते." यादीत अशा गोष्टींना रकाना नव्हता. नाव मात्र पुन्हा नीट लागले.

या कामात मला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' या ग्रंथाची वारंवार आठवण झाली. सयाजीरावांच्या राज्यात गुजराती प्रजा, मराठी दरबार, इंग्रजी पत्रव्यवहार आणि जुन्या दप्तरात फारसी. एकाच कारभारातल्या एकाच गोष्टीला चार कचेऱ्यांत चार नावे. त्यावर महाराजांनी भाषा पुसून टाकण्याचा उपाय केला नाही. कारभारातले शब्द आठ भाषांत समोरासमोर मांडून १९३१ मध्ये हा कोश प्रसिद्ध करवला. कोणाला आपला शब्द सोडावा लागला नाही आणि दुसऱ्याचा कळला. लिनक्सची कुळे एक व्हावीत असे मलाही वाटत नाही. डेबियनची सावधगिरी आणि रेड हॅटचा पहारेकरी दोन्ही कामाची आहेत. आपल्या घरची रीत हीच जगाची रीत, असे धरून चालले की काम बिघडते. सीमेवरच्या कॉलेजात शिकलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे लवकर समजायला हवे.

म्हणून आम्ही वाचनालयापुरता एक छोटा कल्पतरू केला आहे. दाखल पुस्तकांच्या रजिस्टराच्या शेवटच्या पानावर, शाईने, मराठीत. यंत्र कोणते आणि कोणत्या कुळातले; डेटाबेसचे दार कोठे, खिडकी की रस्ता; कोणाला कोणत्या गावाहून प्रवेश; पहारेकरी कोण आणि त्याची कोणती खुंटी फिरवलेली; आणि जोडणीची लिपी कोणती. पाच ओळींपुढे डेबियन आणि अल्मा असे दोन रकाने आहेत. पासवर्ड त्यात नाही, तो काकांनी वेगळा ठेवला आहे. तिसरा रकाना मुद्दाम मोकळा सोडला आहे. आज ना उद्या ही यंत्रेही थकतील आणि तिसऱ्याच कुळातले एखादे येईल. ते लावणारा मुलगा किंवा मुलगी आम्हाला ओळखणार नाही. पण दार कोठे आहे आणि आत कोणत्या लिपीत बोलायचे, हे त्याला किंवा तिला विचारत फिरावे लागणार नाही.